कारण: खेळण्यासाठी

2025 च्या दिवाळीच्या सुट्टीत माझा अकरावीतला नातू एक कागद घेऊन माझ्या खोलीत आला. आमच्या डोंबिवलीतल्या एका संगणकाच्या दुकानातले ते कोटेशन होते. नवा प्रोसेसर, त्याला चालणारा नवा मदरबोर्ड, नव्या जातीची रॅम, ग्राफिक्स कार्ड, एका बाजूला काच असलेले कॅबिनेट, त्यात लाल-निळे दिवे लागणारे पंखे आणि नवा मॉनिटर. खाली बेरीज होती 92 हजार 400 रुपये. "आजोबा, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लागणार आहे," तो म्हणाला. हे सांगताना तो माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होता.

मी तेहतीस वर्षे बँकेत काढली आणि त्यातली बरीचशी कर्ज विभागात. समोरचा माणूस कर्जाचे कारण सांगताना खिडकीबाहेर बघू लागला, की आपण चष्मा पुसायला घ्यायचा आणि गप्प बसायचे, एवढे शिक्षण त्या खुर्चीने मला दिले आहे. मी चष्मा पुसला. दोन मिनिटांत खरे कारण बाहेर आले.

नातवाचा चौथीपासूनचा मित्र वडिलांच्या बदलीमुळे जूनमध्ये नागपूरला गेला. दर शनिवारी रात्री हे दोघे आपापल्या घरून एकत्र ऑनलाइन खेळतात. मित्राच्या नव्या सोबत्यांनी आता जरा जड खेळ धरले आहेत आणि ते याच्या संगणकावर अडखळतात. चित्र थांबते, मग एकदम पुढे उडी मारते, तोवर हा बाद झालेला असतो. "ते म्हणतात, तू बस थोडा वेळ. मग मी हेडफोन लावून नुसता ऐकत बसतो," तो म्हणाला.

"मग हेच का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"खेळायला पाहिजे म्हटलं असतं तर बाबा ऐकूनच घेणार नाहीत."

त्याचे खोटे नव्हते. आपल्या घरांत अभ्यासासाठी कर्ज काढणारी माणसे आहेत, पण खेळण्यासाठी पाच हजार मागितले तर कपाळाला आठी पडते. मग मुले शिकतात. प्रत्येक मागणीला 'प्रोजेक्ट'चे आवरण घालतात. मला हे नवे नाही. पीककर्ज घेऊन मुलीचे लग्न करणारे खातेदार मी पाहिले आहेत. त्यांची मला कीव येई, रागही येई. पण बँकेच्या फॉर्मवर खऱ्या कारणासाठी रकानाच नसेल, तर माणूस करणार काय?

खोट्या कारणाचा तोटा केवळ नैतिक नाही, तो अगदी व्यावहारिक आहे. कारण खोटे असले की गरज मोजता येत नाही. 'प्रोजेक्ट'ला किती ताकदीचा संगणक लागतो? या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून दुकानदार सांगेल ते उत्तर. 'शनिवारी रात्री दोन तास, हे तीन खेळ, या मॉनिटरवर' असे म्हटले की माप घेता येते. आणि माप घेतले, की आकडा बहुधा खाली येतो.

मापाबद्दल मी इतका हळवा का आहे, ते सांगतो. 1986 साली मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत होतो. एका शेतकऱ्याला विहिरीवर मोटार बसवायची होती. त्याला तीन अश्वशक्तीची पुरली असती. दुकानदाराने कोटेशन दिले पाचचे. मार्चअखेर जवळ आली होती, शाखेचे उद्दिष्ट पुरे व्हायचे होते, आणि मी विहीर न बघता सही केली. मोटार उत्तम होती. पण विहिरीच्या झऱ्यांना तेवढे पाणी नव्हते. अर्ध्या तासात विहीर कोरडी पडे आणि पुन्हा पाणी साठेपर्यंत तो माणूस बांधावर बसून राही. हप्त्यांसाठी त्याने एक बैल विकला. 1990 च्या कर्जमाफीत राहिलेले कर्ज माफ झाले. बैल काही परत आला नाही.

म्हणून नातवाला म्हटले, "कोटेशन बाजूला ठेव. आधी विहीर बघू."

संगणकाचे मला फारसे कळत नाही. आमच्या शाखेत तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. पण नातवाने समजावले आणि माझ्या लक्षात आले, की हे तर आपल्या जुन्या काउंटरसारखे आहे. प्रोसेसर हा लेजरवरचा कारकून. खेळात कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली, भिंत कुठे आडवी आली, हा हिशेब तो करतो. ग्राफिक्स कार्ड हा रोखपाल. झालेल्या हिशेबाचे चित्र करून तो पडद्यावर टाकतो. आणि रॅम म्हणजे दोघांच्या मधले टेबल. रोखपालापुढे रांग तुंबली असेल, तर आणखी दोन कारकून नेमून काय उपयोग? टोकन वाटप जोरात होईल, रांग तेवढीच राहील.

तेव्हा खरा प्रश्न 'कुठला प्रोसेसर चांगला' हा नव्हेच. आपल्या घरात अडते कुठे, हा आहे. आणि हे शोधायला पैसा लागत नाही. खेळ चालू असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये बघायचे. ग्राफिक्सचा आकडा शंभर टक्क्यांना चिकटून बसला असेल तर रोखपाल दमला आहे. दुसरी परीक्षा याहून सोपी. खेळाच्या सेटिंगमध्ये चित्राचे रेझोल्यूशन कमी करायचे. तेवढ्याने खेळ सुरळीत पळू लागला तर अडचण ग्राफिक्सची. काहीच फरक पडला नाही तर बहुधा प्रोसेसरची.

आम्ही आजोबा-नातू एका रविवारी वही घेऊन बसलो. 2020 साली शाळा ऑनलाइन झाली तेव्हा घेतलेले ते मशीन. एएमडी कंपनीचा रायझन 3 3200जी हा 2019 चा प्रोसेसर, त्याच्या पोटातच असलेले ग्राफिक्स, आणि आठ जीबी रॅमची एकच पट्टी. कॅबिनेट उघडले तर शेजारचा दुसरा स्लॉट पाच वर्षे रिकामा! पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते प्रोसेसरच्याच रॅममधून घेते, आणि एका पट्टीऐवजी दोन असल्या की येण्याजाण्याचा रस्ता दुप्पट रुंद होतो. 2025 च्या अखेरीस मेमरीचे भाव चढू लागले होते, म्हणून आम्ही त्याच वेगाची एक जुनी पट्टी मिळवली. नातवाच्या वहीत सेकंदाला चाळीस चित्रांच्या आसपास घुटमळणारा आकडा पन्नाशी ओलांडून गेला. आमचा मॉनिटर 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठ वेळाच चित्र बदलणारा. त्यापुढची चित्रे कार्डाने काढली तरी हा पडदा ती पुरी दाखवू शकत नाही. म्हणजे तीनपैकी दोन खेळांचा प्रश्न एका पट्टीवर मिटत आला.

दुकानदाराने आणखी एक भीती घातली होती. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला, आता हे मशीन टाकूनच द्या. हा 3200जी विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या प्रोसेसरच्या यादीत आहे. फक्त मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये एक-दोन गोष्टी चालू कराव्या लागतात. त्या नातवाने तासाभरात केल्या.

उरला तिसरा, जड खेळ. त्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड हवेच होते. त्यासाठी आम्ही दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड पायी पालथा घातला. तिथे मला जो धडा मिळाला तो बँकेतल्या मंडळींना पटेल. नावात साम्य असलेले दोन खातेदार असतात, पासबुक बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नसतात. एनव्हिडियाचे आरटीएक्स 3050 हे कार्ड 2022 साली आठ जीबीचे आले. त्याच नावाचे सहा जीबीचे 2024 साली आले, पण ते आतून कमी ताकदीचे आहे. त्याआधी 2018 साली जीटी 1030 या कार्डाच्या बाबतीत हेच झाले होते. तेच नाव, आत मंद जातीची मेमरी. खोक्यावरचे नाव पुरत नाही, बारीक अक्षरे वाचावी लागतात.

दुसरा धडा सोयरिकीचा. मुलगा चांगला, मुलगी चांगली, पण एकमेकांना मानवतीलच असे नाही. एएमडीचे आरएक्स 6500 एक्सटी हे 2022 चे कार्ड स्वस्त म्हणून पुढे केले जाई. पण मदरबोर्डशी बोलायला त्याला चारच वाटा, आणि आमच्यासारख्या जुन्या मशीनवर त्या वाटांचा वेग निम्मा. इंटेलचे आर्क बी580 हे डिसेंबर 2024 चे कार्ड पैशाच्या मानाने खरोखर दमदार, मेमरी बारा जीबी. पण जुन्या प्रोसेसरशी जोडले की ते मागे पडते. नव्या मशीनला जे उत्तम ते जुन्याला उत्तम असतेच असे नाही.

नातवाचा जीव आरएक्स 6600 वर होता. 2021 चे हे कार्ड आठ जीबीचे, सहा जीबीच्या 3050 हून चांगलेच ताकदवान. मी म्हटले, हिशेब मांड. त्याला 132 वॉट वीज लागते आणि वेगळी वायर. आमच्या मशीनचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, साधाच होता. तो बदलावा लागणार. शिवाय एवढ्या कार्डाला काम पुरवताना आमचा चार कोअरचा कारकूनच दमणार, म्हणजे मागोमाग प्रोसेसरही आला. उलट सहा जीबीचे 3050 सत्तर वॉटवर चालते, त्याच्या बहुतेक मॉडेलना वेगळी वायरच लागत नाही. नातू बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आजोबा, 6600 म्हणजे आपली पाचची मोटार." मी काही बोललो नाही. पावतीवर सहा जीबी असे स्पष्ट लिहून घेतले.

जुने कार्ड घेऊ नये असे मी म्हणणार नाही. आभासी चलन 'खणण्यासाठी' रात्रंदिवस जुंपलेली कार्डे, सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमने ती पद्धत सोडल्यावर, जुन्या बाजारात आली होती. तेव्हा जुने घ्यायचे तर ते चालू स्थितीत अर्धा तास खेळ लावून बघावे आणि मूळ बिल मागावे. आम्हाला वॉरंटीची झोप हवी होती, म्हणून नवे घेतले.

पट्टी आणि कार्ड मिळून आमचे 20 हजारांच्या आत भागले. बाजारभाव रोज हलतात, तेव्हा माझ्या आकड्याला कुणी धरून बसू नये. धरायची ती पद्धत. पुढेमागे प्रोसेसर अपुरा पडलाच, तर आमच्या बोर्डाची बायोस अद्ययावत करून त्याच जागी सहा कोअरचा रायझन 5 5600 बसतो. बोर्ड बदलायला नको, रॅम बदलायला नको. पण ते पडेल तेव्हा बघू. भविष्यातल्या खेळांसाठी आज घेतलेली ताकद आज नुसती पडून राहते आणि तिची किंमत मात्र रोज उतरते.

माझ्या मुलाचे म्हणणे वेगळे होते. नाही म्हणायचे तर ठाम नाही म्हणा, आणि घ्यायचे तर एकदाच सगळे नवे घेऊन टाका, 'नो कॉस्ट ईएमआय' आहेच की! मी त्याला एवढेच सांगितले, की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावले आहे. ते व्याज कुठल्या तरी खिशातून जातेच, आणि त्यावरचा जीएसटी बहुधा आपल्याच. पण माझी खरी तक्रार निराळी आहे. ठाम नकार आणि डोळे मिटून दिलेला होकार, दोन्हींत मुलाशी बोलावे लागत नाही. दोन्ही आळसाचेच प्रकार.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांबद्दल मी बोलत नाही. त्यांच्या बंदीचा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला आणि योग्य केले. मी बोलतो आहे ते मित्राबरोबर दोन तास हसण्या-ओरडण्याबद्दल. आम्ही गल्लीत विटीदांडू खेळलो तो काही प्रोजेक्ट नव्हता. या मुलांना गल्ली राहिली नाही, आणि मित्र तर आठशे किलोमीटरवर. त्यांनी भेटायचे कुठे?

कार्ड आणण्याआधी मी नातवाकडून रीतसर अर्ज लिहून घेतला होता. त्याचे साठवलेले 8 हजार, उरलेले माझे कर्ज, महिना 500 रुपये हप्ता. अर्जात 'कर्जाचे कारण' या रकान्यात तो क्षणभर थांबला, मग लिहिले: खेळण्यासाठी. त्याच्या बाबांनी जामीनदार म्हणून सही केली. आधी जरा कुरकुरत, मग कारण वाचून हसत.

आता शनिवारी रात्री त्याच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू येतो. आजी दार ठोठावते, तो दहा मिनिटे मागतो, अर्धा तास घेतो. या महिन्याचा हप्ता तीन दिवस उशिरा आला. दंडव्याज लावलेले नाही.