अमरावती-अकोला विक्रमाचा चुकीचा दाखला

संपादक महोदय,

रस्तेबांधणीत संगणकीय सिम्युलेशन महानगरांपुरते, वऱ्हाडात अनुभव पुरतो, हे आपल्या लेखकाचे मत मला अमान्य आहे. त्यांनी दिलेला अमरावती-अकोला विक्रमाचा दाखलाही अर्धवट आहे. जून २०२२ मध्ये लोणी ते माना दरम्यान १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर अख्खा रस्ता बांधला गेला नाही; एका लेनवर डांबरी काँक्रीट अंथरले गेले. दुपदरी हिशेबाने ते साडेसदतीस किलोमीटर. अशा कामात प्लांट, टिप्पर, पेव्हर यांचा मेळ चुकला की गरम माल वाटेतच थंडावतो. सिम्युलेशन तो मेळ आधीच तपासते. आणि महानगरांचेच म्हणाल, तर खर्च व वेळापत्रक त्रिमितीय आराखड्याला जोडणारी फाइव्ह-डी पद्धत विदर्भातल्याच नागपूर मेट्रोने वापरली. मात्र आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिची चाचणी नसेल तर पडद्यावरचे चित्र फसवे, एवढेच लेखकाचे म्हणणे मान्य. ती चाचणी निविदेतच सक्तीची करा.

— एक स्थापत्य अभियंता, मूर्तिजापूर