पेल्याच्या तळाचं नाव

२०१४ साली हाँगकाँगच्या लिलावात चिनी मातीचा एक इवलासा पेला २८ कोटींहून अधिक हाँगकाँग डॉलरना गेला. त्यावर कोंबडा, कोंबडी नि पिल्लं. घेणाऱ्याने त्यातून चहा घेतला म्हणून केवढी टीका झाली! मला विचाराल तर त्यात गैर काही नाही. पेला पिण्यासाठीच असतो.

खटकतं ते वेगळंच. कच्च्या भांड्यावर निळ्या रेषा काढायच्या, वर झिलई देऊन भाजायचं, मग रंग भरून पुन्हा भाजायचं. इथे खोडरबर नाही. असा हात ज्याचा, त्याचं नाव मात्र कुठेच नाही. तळाशी सहा निळी अक्षरं आहेत, ती मिंग सम्राट चेंगह्वाच्या राजवटीची (१४६५-८७). मुलाच्या वहीवर मुख्याध्यापकांचंच नाव घालावं, तसं हे! संग्रहालयांनी अशा भांड्यांच्या पाटीवर निदान ‘कारागीर अज्ञात’ एवढं तरी लिहावं. तुम्हाला काय वाटतं?