सगळ्याच चुका एकदम नकोत



‘इंग्रजीच्या वहीतली एकही चूक शिक्षकाने सोडू नये’ हे गेल्या आठवड्यातील पत्रलेखकाचे मत मला पटले नाही. साक्री तालुक्यातली बरीच मुले घरी अहिराणी बोलतात, शाळेत मराठी. त्यात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी. ‘आय डिड नॉट वेन्ट’ हा निष्काळजीपणा नव्हे. ‘मी गेलो नाही’ म्हणताना भूतकाळ क्रियापदावरच राहतो; इंग्रजीत तो ‘डिड’कडे जातो आणि ‘गो’ मूळ रूपात उरते. ही चूक दिसेल त्या दिवशी एवढेच फळ्यावर नीट दाखवावे. वाक्य अवघडलेले असेल, तर आधी ‘तुला काय म्हणायचंय?’ असे विचारावे. न विचारता सुधारलेले वाक्य मुलाचे राहतच नाही. पालकांनीही वहीतल्या लाल खुणा मोजत बसू नये, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षक, साक्री (जि. धुळे)