व्यापार पुरे, आता कॅटन काढा!

रविवारी 'व्यापार' मांडला की आमच्याकडे ठरलेलं. तासाभरात आईचं दिवाळं निघतं आणि ती मुकाट कुकर लावायला उठते. "खेळ आहे, चालायचंच!" का म्हणून चालायचं? घरातलंच माणूस बाहेर काढणारा खेळ घरात हवाच कशाला?

जर्मनीच्या क्लाउस टॉयबरचा 'कॅटन' (१९९५) बघा. नियम समजायला अर्धा तास जातो, मान्य. पण कुणीच बाद होत नाही. फासे दुसऱ्याने टाकले तरी आपल्या वस्तीला माल मिळू शकतो. वीट हवी? मेंढी देऊन समोरच्याला पटवा, नाहीतर बँक चारास एक भावाने लुटतेच. कुणाचे तरी १० गुण होईपर्यंत सगळे पटावर!

परवा आईने एका विटेसाठी माझ्याकडून दोन मेंढ्या उकळल्या आणि डावही मारला. कुकर? मी लावला.