‘घु’, होन आणि पैठणचा राजा

‘संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा संस्कृत, असे नासाने सांगितले आहे’ हा संदेश अधूनमधून नव्या चित्रासह फिरत असतो. त्याला आधार म्हणून रिक ब्रिग्ज यांच्या ‘एआय मॅगझिन’मधील १९८५ च्या लेखाचे नाव घेतले जाते. वाक्यांचा अर्थ यंत्राला कळेल अशा रीतीने कसा मांडावा, हा त्या लेखाचा विषय. संस्कृतमध्ये प्रोग्रॅम लिहावेत असे त्यात म्हटलेले नाही. या फुशारकीने नुकसान झाले ते संस्कृत व्याकरणाचेच. संगणकशास्त्राशी त्याचे खरे नाते एका बारीक प्रश्नात आहे, आणि त्या प्रश्नाचा एक धागा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठणपर्यंत येतो.

प्रश्न असा : नवी संज्ञा निर्माण केली, की तिची व्याख्या कोठे ठेवायची?

समजा, वेरूळच्या भोसल्यांची वंशावळ संगणकावर मांडायची आहे. प्रोग्रॅमिंगच्या भाषेला अंक आणि अक्षरे ठाऊक असतात. ‘व्यक्ती’ ठाऊक नसते. म्हणून प्रोग्रॅम लिहिणारा तो टाइप स्वतः घडवतो : व्यक्ती म्हणजे नाव, जन्मवर्ष आणि पिता. कंपायलर हा मजकूर वाचून त्याचा सिंटॅक्स ट्री, म्हणजे वाक्यरचनेचा वृक्ष, तयार करतो. त्यात या व्याख्येची एक गाठ बसते आणि तिला घटकांच्या फांद्या फुटतात. येथवर सोपे आहे. पुढे ‘शहाजी : व्यक्ती’ असे आले, की अडचण सुरू होते. तेथे केवळ नाव ठेवायचे की संपूर्ण व्याख्येची नक्कल उतरवायची? नक्कल उतरवली तर तिच्यात ‘पिता’ आहे, आणि पिताही ‘व्यक्ती’च. त्याची पुन्हा नक्कल, तिच्यात पुन्हा पिता. खरी वंशावळ कोठेतरी थांबते. ही थांबत नाही.

दुसरी अडचण हिशेबाची. होन आणि रुपया हे दोन टाइप केले, दोन्ही पूर्णांकच. वापराच्या प्रत्येक ठिकाणी नाव पुसून ‘पूर्णांक’ लिहिले, तर होनांत रुपये मिळवणारा कारकून पकडलाच जाणार नाही. म्हणून कंपायलर सामान्यतः वृक्षात नाव राखतात आणि त्याची व्याख्येशी गाठ नंतरच्या फेरीत घालतात.

‘अल्गोल ६०’ या भाषेचे व्याकरण जॉन बॅकस आणि पीटर नाउर यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या पद्धतीने लिहिले गेले. पण तिच्यात वापरणाऱ्याला स्वतःचा टाइप घडवता येत नसे. ती सोय सर्वसामान्यांच्या अंगवळणी पाडली ती मुख्यतः निकलाउस विर्थ यांच्या १९७० च्या ‘पास्कल’ने.

आता पाणिनीकडे. ‘घु’ हा शब्द लोकव्यवहारातला नाही. दा आणि धा या रूपांच्या धातूंचा एक गट पाणिनीने घडवला आणि त्याला हे नाव दिले. व्याख्या अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायात आहे. ‘दीयते’, ‘धीयते’ अशी रूपे साधणारा, ‘घु’चा वापर करणारा नियम सहाव्या अध्यायात. मग तो नियम वाचताना काय घडते? वैयाकरणांनी दोन पक्ष मांडले. ‘यथोद्देश’ पक्षात संज्ञा जेथे सांगितली तेथेच समजून घ्यायची आणि पुढे स्मरणाने वापरायची. ‘कार्यकाल’ पक्षात व्याख्या स्वतः कामाच्या ठिकाणी येते आणि त्या नियमाशी एकवाक्य होते. हा शब्दच्छल नाही. दोन नियमांत विरोध आला तर पुढचा बलवान ठरतो. त्यामुळे संज्ञासूत्र कोठे आहे असे मानायचे, यावर निकाल बदलू शकतो.

या पक्षांची प्रसिद्ध चर्चा ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथात आहे. त्याचे कर्ते नागेशभट्ट काळे, काशीत राहिलेले महाराष्ट्रीय पंडित. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या किलहॉर्न यांनी १८६८ ते १८७४ या काळात त्याचे संपादन व इंग्रजी भाषांतर केले. १९६७ साली काशीनाथ वासुदेव अभ्यंकर यांचा ‘परिभाषासंग्रह’ भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केला. त्याच वर्षी पीटर इंगरमन यांनी संगणकशास्त्राच्या एका अमेरिकी नियतकालिकात पत्र लिहून बॅकस यांच्या पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे असे सुचवले. पाणिनीने वृक्ष काढलेला नाही, कंपायलर तर नाहीच. समान आहे ती अडचण, आणि तिला नाव देण्याइतकी शिस्त. अभिमान बाळगायचा तर तो या शिस्तीचा.

पैठणचा वाटा वेगळाच आहे. अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागर’ सांगतो : जलक्रीडेत राणीने ‘पाण्याने मारू नका’ अशा अर्थी ‘मोदकैः’ म्हटले, सातवाहन राजाला ‘मा उदकैः’ हा संधी उमगला नाही आणि त्याने मोदक मागवले. ओशाळलेल्या राजाला व्याकरण शिकवायला गुणाढ्याने सहा वर्षे मागितली, शर्ववर्म्याने सहा महिने. शर्ववर्म्याचे ते व्याकरण म्हणजे ‘कातंत्र’. ही आख्यायिका आहे, तिच्यावरून कातंत्राचा काळ ठरत नाही. ग्रंथ मात्र खरा आहे. पाणिनीची सूत्रे सुमारे चार हजार, कातंत्राची कृत्-प्रकरणासह सुमारे चौदाशे. पाणिनी ‘अच्’ आणि ‘हल्’ म्हणतो. कातंत्र ‘स्वर’ आणि ‘व्यंजन’ म्हणते. नवी संज्ञा घडवून तिचा पत्ता लक्षात ठेवायला लावण्यापेक्षा, विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असलेला शब्द त्याने पुष्कळ ठिकाणी पुरेसा मानला.

पाणिनीचा संक्षेप अखंड पाठांतर करणाऱ्याला सोयीचा. कातंत्राची निवड नवशिक्याच्या बाजूची. तिला कनिष्ठ मानण्याची सवय अभ्यासकांनीही सोडायला हवी. हे व्याकरण काश्मीर आणि बंगालमध्ये शिकवले गेले, तिबेटी भाषेत गेले, आणि त्याच्या हस्तलिखितांचे तुकडे मध्य आशियाच्या वाळवंटातही सापडले. नासाच्या नावाने फिरणाऱ्या संदेशांत मात्र गोदाकाठच्या या ग्रंथाला जागा मिळत नाही.