किलोवॅटच्या आकड्याबरोबर जोडणीचा नकाशाही द्या

सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावसारख्या गावात छतावर सोलर बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो किती किलोवॅटचं, आणि दुसरा अनुदान किती. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेनं दुसऱ्याचं उत्तर सोपं केलं आहे: पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये. पण या प्लेटा एकमेकींना आणि इन्व्हर्टरला जोडणार कशा, हे सहसा कोणी विचारत नाही. वीज किती मिळेल आणि घर सुरक्षित राहील का, हे मोठ्या प्रमाणात त्यावरच ठरतं. म्हणून ठेकेदाराला शेवटचा हप्ता देण्याआधी घरमालकाच्या हाती जोडणीचा नकाशा आणि त्यामागचं गणित लेखी पडलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

हे गणित शाळेतल्या विज्ञानापलीकडचं नाही. एकसर म्हणजे सिरीज जोडणीत व्होल्टेजची बेरीज होते, पण प्रवाह सगळ्या प्लेटांतून एकच वाहतो. काही वर्षांपूर्वीची ३३५ वॅटची प्लेट साधारण ९ अँपिअर देते, आजची ५४० वॅटची १३. दोघी एकसर जोडल्या तर मोठीलाही नऊच्याच आसपास थांबावं लागतं, आणि ८७५ वॅटांच्या जागी साडेसातशेही हाती येत नाहीत. इन्व्हर्टरनं १३ अँपिअर ओढायचं ठरवलं तर लहान प्लेट बायपास डायोडमुळे बाजूला पडते आणि तिचं असणं-नसणं सारखंच होतं. समांतर जोडणीत उलट, व्होल्टेज जुळावं लागतं. ‘घरात पडलेली जुनी प्लेटही लावून टाकू’ हा काटकसरीचा विचार इथेच फसतो. त्याहून घातक चूक थंडीत उघडी पडते. प्लेट गार असताना तिचं व्होल्टेज वाढतं. ४९.५ व्होल्टच्या तीन प्लेटा एकसर जोडल्या की कागदावर १४८.५ व्होल्ट होतात आणि १५० व्होल्टच्या चार्ज कंट्रोलरला (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या उपकरणाला) चालतील असं वाटतं. तो आकडा मात्र २५ अंशांचा. मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा तेच व्होल्टेज १५४ च्या पुढे जातं आणि कंट्रोलर जळू शकतो. चार प्लेटा घेऊन दोन-दोनच्या जोड्या समांतर केल्या असत्या तर हे टळलं असतं. मे महिन्यात चित्र उलटं: प्लेटचं तापमान ६५ अंशांवर गेलं की साधारण १४ टक्के वीज घटते. त्यामुळे तीन किलोवॅटच्या छतावरून भर दुपारीही तीन किलोवॅट मिळत नाहीत, आणि हे विकणाऱ्यानं आधीच सांगायला हवं.

वायरचंही तसंच. एक किलोवॅटचा भार १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला तर ८३ अँपिअर वाहतात, ४८ व्होल्टवर फक्त २१; तीच वायर असेल तर पहिल्या जोडणीत तिच्यात वाया जाणारी वीज सोळापट. शिवाय प्लेटांकडून येणारा प्रवाह डीसी असतो. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीची ठिणगी पेटतच राहते. घरगुती एसीचा एमसीबी डीसीच्या ओळीवर बसवणं किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत खोचणं यातून छतावर आग लागू शकते. पावसाळ्याआधी विजा कोसळणाऱ्या या भागात अर्थिंगला फाटा देणं तर अक्षम्यच.

आताचे इन्व्हर्टर हुशार आहेत, ते सगळं जुळवून घेतात, असं यावर म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. दोन स्वतंत्र एमपीपीटी (ओळीतून जास्तीत जास्त वीज काढणारी यंत्रणा) असलेला इन्व्हर्टर पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या ओळी वेगवेगळ्या सांभाळतो, वेगळ्या प्लेटांची वेगळी ओळही चालवतो; पण एकाच ओळीतली विजोड प्लेट त्याला सुधारता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे काम ठेकेदाराचं, सामान्य माणसानं त्यात का पडावं? गणित करायचं ठेकेदारानंच, पण पुढची पंचवीस वर्षं ते छत सांभाळायचं आहे घरमालकाला. प्लेट बदलायची वेळ आली तेव्हा तो ठेकेदार गावात असेलच असं नाही. नकाशा असला तर दुसरा कारागीरही काम पुढे नेऊ शकतो. लाईट गेल्यावर आपल्या छतावरचं सोलरही बंद का पडलं, हे कोडंही त्याच कागदावर सुटेल. बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी मुद्दाम बंद होतो, आणि भारनियमनाच्या गावात हे आधी कळलं तर माणूस बॅटरीवरही चालणाऱ्या हायब्रिड इन्व्हर्टरचा विचार तरी करेल.

राहिला खर्चाचा मुद्दा. एक कागद आणि मल्टिमीटरनं केलेली तासाभराची मोजणी यासाठी अनुदानाच्या तुलनेत काहीच पैसा लागत नाही. महावितरणनं नेट मीटर बसवण्याआधी प्रत्येक ओळीतल्या प्लेटांची संख्या, मोजलेलं व्होल्टेज, थंडीतलं कमाल व्होल्टेज, वायरची जाडी आणि अर्थिंगची मोजणी लिहिलेला नकाशा मागावा, त्यावर ठेकेदाराची सही घ्यावी आणि एक प्रत इन्व्हर्टरशेजारी भिंतीवर लावायला सांगावी.