पाटीवरची शेवटची अक्षरे

जबलपूरच्या राइट टाउन, नेपियर टाउन भागात डॉक्टरांच्या पाट्या जागोजागी दिसतात. नेत्रतज्ज्ञाच्या पाटीवरचे एम.बी.बी.एस., एम.एस. आपण वाचतो, पुढचे ‘फेलोशिप, कॉर्निया’ नजरेतून सुटते. बुबुळाला जखम झाली असेल, तर तीच अक्षरे आधी पाहावीत.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर! खोल जखम झाली, की तिथे पांढरा डाग राहतो. त्यालाच आपण ‘फूल पडले’ म्हणतो.

या पडद्याचा डॉक्टर घडायला सुमारे दहा वर्षे लागतात. साडेपाच वर्षे एम.बी.बी.एस. (जबलपूरचे मेडिकल कॉलेज १९५५ सालचे), मग तीन वर्षे एम.एस. त्यानंतर मदुराई, चेन्नई, हैदराबाद अशा ठिकाणच्या मोठ्या नेत्ररुग्णालयात एक-दोन वर्षे फक्त बुबुळाचे शिक्षण. जखमेवरचा कण खरवडून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा आणि दोष जंतूंचा की बुरशीचा हे ओळखायचे, हे तिथे हाताखालून जाते. केसाहून बारीक धाग्याने नवे बुबुळ शिवणेही तिथेच शिकतात.

हे ओळखणे का महत्त्वाचे? धान कापताना पात लागली, की डोळ्यात बुरशी शिरू शकते. अशा वेळी दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब घातले, तर लाली उतरते, बरे वाटते. पण आत बुरशी फोफावते. म्हणून डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोळ्यात चुना उडाला, तर आधी निदान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि मगच दवाखान्यात निघा.

चुन्यानेच दृष्टी गेलेल्या एका मजुरावर ७ डिसेंबर १९०५ रोजी डॉ. एदुआर्द झिर्म यांनी मोराव्हियातील ओलोमोउत्स येथे बुबुळरोपण केले. माणसाचे बुबुळ माणसाला बसवून यशस्वी झालेली ही पहिली शस्त्रक्रिया. त्या मजुराला पुन्हा दिसू लागले, कारण डोळा गमावलेल्या एका मुलाचे बुबुळ डॉक्टरांना मिळाले होते.

आजही तेच खरे आहे. डॉक्टरची दहा वर्षांची विद्या दान केलेल्या बुबुळावाचून अडून राहते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते. चष्मा असो वा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असो, सहसा अडचण येत नाही. घरात हा विषय आजच बोलून ठेवा.